बहुमताने कापलेलं कडवं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या किबुत्झच्या, म्हणजे या सामाईक मालकीच्या गावाच्या, सचिव रुहामा, प्रादेशिक परिषदेच्या सांस्कृतिक विभागाकडून वाट वाकडी करून इथवर आलेले प्रमुख पाहुणे श्री. शाल्तिएल, व्यासपीठावरील मान्यवर... व्यासपीठ म्हणजे आपली रोजची जेवणाची टेबलं जोडून वर चादर घातलेली आहे, पण आज त्याला व्यासपीठच म्हणू या, सत्कारमूर्ती ओवेद, त्याला कायमचं हैफाला घेऊन जाण्यासाठी आलेली त्याची लेक नोगा, आणि या भोजनगृहात जमलेल्या माझ्या जुन्या-नव्या सोबत्यांनो,

रुहामा मला म्हणाली, "तिर्झा, थोडक्यात बोल आणि गोड बोल." थोडक्यात बोलणं मला शाळेत साहित्य शिकवताना कधी जमलं नाही, आणि गोड तर डॉक्टरांनीच बंद केलंय. तेव्हा दोन्ही बाबतींत आधीच सांभाळून घ्या.

काय झल्मन? ऐकू येत नाही? माइक जवळ घेते. आता येतंय? तुला सोयीचं तेवढं ऐक, नेहमीसारखं.

आज आपण ओवेदला निरोप देतोय. ओवेदने तरुणपणापासून दोन कामं केली. दिवसा मत्स्यतळी सांभाळली आणि उरलेल्या वेळात आपली सांस्कृतिक समिती. दोन्हीकडे त्याला चिखलात उतरावं लागलं. गिलबोआ डोंगराच्या या पायथ्याशी जे जे सण झाले, जयंत्या झाल्या, नाटकं झाली, त्या सगळ्यांना माशांचा थोडासा वास येत असे. तो वास आला की आम्ही ओळखायचो, कार्यक्रम वेळेवर सुरू होणार.

तुम्हाला तो पहिल्या फळांचा सण आठवतो? त्या वर्षी जन्मलेली सगळी बाळं, त्यांच्या आयांसकट, गवताच्या गाठोड्यांवर बसवून ट्रॅक्टरच्या गाडीतून मिरवत आणायची, अशी आपली पद्धत. ट्रॅक्टर ऐटीत निघाला आणि गाडी मागे शेतातच सुटून राहिली! चालवणाऱ्याला पत्ताच नाही. तो एकटाच व्यासपीठासमोरून सलाम ठोकत पुढे गेला. पाहुणे हसायला लागले. ओवेदच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. माइकवर म्हणतो, "हा आपला ट्रॅक्टर. फळं अजून पिकतायत, थोडा धीर धरा." असा माणूस. त्याने कधी कुणावर आवाज चढवला नाही. आपल्या मुलांना त्याने गायला शिकवलं, लाजऱ्या लोकांना रंगमंचावर उभं केलं, आणि माझ्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेला, मी कुणाला काही सांगण्याआधी, नवऱ्याला आवडणारं बासरीचं वादन त्याने लावलं होतं. ते मी विसरलेले नाही. ओवेद, मनापासून आभार.

एवढं कौतुक झालं. आता भांडण.

रुहामा, अशी बघू नकोस. निरोपाच्या दिवशी भांडू नये असं तुला वाटतं ना? मग कधी भांडायचं? तो हैफाला गेल्यावर? टेलिफोनवर?

बाहेर, भोजनगृहाच्या दाराशी, एक दगड उभा आहे आणि त्याच्यावर पांढरं कापड आहे. येताना सगळ्यांनी पाहिलाच. ती ओवेदने जाता जाता आपल्याला दिलेली भेट आहे. त्यावर माझ्या भावाची कविता कोरलेली आहे. माझं भाषण संपलं की आपण सगळ्यांनी बाहेर जायचं, कविता म्हणायची आणि मी, कवीची बहीण म्हणून, ते कापड ओढायचं असं ठरलं आहे. छापील कार्यक्रमपत्रिकेत तसं आहे.

मी ते कापड ओढणार नाही.

मागे जी तरुण कुटुंबं बसली आहेत, नव्या घरांत राहायला आलेली, ती एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. बरोबर आहे. तुम्हाला सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ एल्नातान सुएझ कालव्यावरच्या एका चौकीत मारला गेला. ओवेद त्याच चौकीत होता. तो परत आला. एल्नातानच्या सामानाबरोबर त्याची एक कविता आली. आपल्याकडे कुणी मुलगा गेला की त्याच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक काढायची रीत आहे. त्यात त्याची पत्रं, मित्रांचे चार शब्द, बागेतला फोटो. ते काम समितीकडे आलं, आणि समिती म्हणजे ओवेद. ती कविता त्या पुस्तकात छापली गेली. मग युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाला वाचली गेली. भोंगा वाजून झाला की पांढरे शर्ट घालून सगळे उभे, आणि माझ्या भावाची कविता. लोकांना ती इतकी आवडली की मग ती सगळीकडेच वाचायला लागले. वर्धापनदिनाला वाचली. प्लास्टिकच्या नळ्यांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं तेव्हा वाचली! नळ्यांसाठी माझा भाऊ उभा केला तुम्ही. एका लग्नातही वाचली, आणि बिचारा नवरामुलगा हातातला ग्लास खाली ठेवू की नको अशा अवस्थेत ताठ उभा होता. कारण ही कविता सुरू झाली की उठायचं. राष्ट्रगीताला उठतात तसं. असं कुणी सांगितलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, पण आपल्यात बसून राहायची कुणाची छाती नाही.

माझी आहे. मी बसते. म्हणून तर काही जण मला विक्षिप्त म्हणतात. झल्मन तर तोंडावर म्हणतो.

पण मी का बसते ते विचारलंत कधी? त्या कवितेला तिसरं कडवं आहे. तुम्ही वाचता ती दोन कडवी आहेत. तिसऱ्यात एल्नातान म्हणतो की माझ्यासाठी उठू नका. बसा. आणि तेच कडवं आपण कापलं. कवीने ज्या गोष्टीला नको म्हटलं, तीच गोष्ट आपण त्याच्या नावाने करत आलो. बाकी जगात कुणी अशी चूक केली असेल असं मला वाटत नाही. त्यासाठी आपल्यासारखी समितीवर श्रद्धा असलेली माणसंच लागतात.

आणि कापलं कसं? मतदान करून! तरुणांनो, हसू नका, खरंच. त्या काळी या किबुत्झमध्ये सगळं सभेत ठरायचं. शनिवारी संध्याकाळी इथेच, याच हॉलमध्ये. कुणी शिकायला जायचं, कुणाला नवी खोली द्यायची, गाईंच्या गोठ्यात कुठलं दूध काढायचं यंत्र आणायचं. बायका विणकाम घेऊन बसायच्या. त्या शनिवारी दूध काढायच्या यंत्राचा विषय संपला आणि त्यानंतर विषय निघाला, एल्नातानचं तिसरं कडवं.

ओवेद उठला. तेव्हा त्याचा हात अजून गळ्यात बांधलेला होता. म्हणाला, "सोबत्यांनो, एल्नातान माझा मित्र होता. पण हे कडवं स्मरणदिनाला वाचता येणार नाही. दुसरं कडवं जिथे संपतं तिथे कविता संपू दे."

मी विचारलं, "का?"

दुसरे एक जण, आता हयात नाहीत, नाव घेत नाही, ते म्हणाले, "देश अजून उभा राहतोय, आणि तुझा भाऊ बसा म्हणतो?"

मी म्हटलं, "देश उभा राहील हो. माझी आई तो गेल्यापासून बसलेली नाही, त्याचं काय?"

"तिर्झा, हा कुटुंबाचा प्रश्न नाही."

"मग तो कोणाचा भाऊ होता, समितीचा?"

झल्मन तेव्हा मोठ्याने हसला होता. एवढं एक त्याच्या खात्यावर जमा आहे.

मग प्रत्येक जण कवितेवर बोलला. कविता ज्यांनी शाळेनंतर वाचली नव्हती तेही बोलले. कविता ही "आम्ही"ची असली पाहिजे, कारण आम्ही नवी माणसं आहोत. "मी, मी" करणं हे युरोपातल्या जुन्या ज्यू गल्ल्यांमधून आलेलं दुखणं आहे. एक जण म्हणाला, "दुसऱ्या कडव्यातला 'मी' चालेल, कारण तो सगळ्यांचा आहे. तिसऱ्यातला 'मी' फक्त त्याचा आहे." हे वाक्य मी पुढे आयुष्यभर वर्गात वापरलं. हिब्रू कवितेवर याहून नेमकं वाक्य मला कुठल्या प्राध्यापकाकडून मिळालं नाही, फक्त ते बोलणाऱ्याला वाटलं की तो कडवं कापायचं कारण देतोय.

शाल्तिएल साहेब, आपण विषयाचे जाणकार आहात, म्हणून थोडं मास्तरीण म्हणून बोलते. आमच्या भाषेने किती शतकं फक्त प्रार्थना केली. मग अचानक तिला सांगण्यात आलं, ऊठ, शेत नांगर, बाजारात जा, रस्त्यावरच्या मुलांना रागाव. तिने ते केलं. तिचं मला अजून नवल वाटतं. पण तिच्या कवींना मात्र आम्ही कामावरून सुट्टी दिलीच नाही. त्यांच्या पाठीवर आम्ही देश ठेवला. प्रेमाची कविता लिहिली तर आम्ही विचारलं, ही बाई म्हणजे भूमीच ना? पावसाची लिहिली तर विचारलं, हा पाऊस म्हणजे मुक्तीच ना? आणि कुणी दमून लिहिलं की माझे पाय दुखतात, तर आम्ही गप्प बसलो, कारण दुखऱ्या पायांचं काय करायचं ते समितीला ठाऊक नव्हतं.

आणि मेलेल्या पोरांच्या तोंडून बोलायची तर आमच्या कवितेला भारी हौस. ती पोरं मातीतून उठतात, रांगेत उभी राहतात, आपल्याला सांगतात की आम्ही समाधानी आहोत, तुम्ही पुढे चला. वर्गात मी मुलांना विचारायची, हे कोण बोलतंय? मेलेला बोलतोय की जिवंत माणूस स्वतःची समजूत घालतोय? देवाला बळी द्यायला स्वतःच्या मुलाला डोंगरावर नेऊन बांधणाऱ्या बापाची आमची जुनी गोष्ट आहे, आमचे कवी तिच्याकडे पुन्हा पुन्हा जातात. बाप बोलतो, मुलगा बोलतो, देवदूत बोलतो, कधी कधी शेवटी मुलाच्या जागी कापला गेलेला मेंढाही बोलतो. आई घरीच असते. तिला कुणी विचारत नाही. माझ्या भावाच्या तिसऱ्या कडव्यात आई होती. मेलेला मुलगा तिच्याशी बोलत होता, आणि देशाबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. तेच खुपलं.

हात वर झाले. कडवं पडलं. विरोधात थोडे होते, त्यात माझा.

आणि आता जे सांगते ते ऐका. कापण्याच्या बाजूने ज्यांनी हात वर केला त्यांत माझी आई होती.

ब्रोन्या तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. या स्वयंपाकघरात तिचं आयुष्य गेलं. पोलंडमधून मुलगी असताना एकटी आली. मागे राहिलेल्यांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे तिला "आम्ही" हा शब्द मिळाला, आणि तिने तो असा घट्ट धरला की "मी" म्हणणं तिला उद्धटपणा वाटायचा. "कशी आहेस ब्रोन्या?" विचारलं तर म्हणायची, "आमचं बरं चाललंय." दात दुखला तरी "आमचा दात दुखतोय." माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, "सगळ्या किबुत्झचा दुखतोय का?" तर त्याला आठवडाभर वाढताना मांसाचा लहान तुकडा दिला.

तिला मी त्या दिवसापासून जाब विचारत राहिले. "आई, तुझ्या मुलाने तुला लिहिलेलं होतं ते."

ती म्हणायची, "एकटीचं दुःख सगळ्यांच्या सणावारात कशाला घुसवायचं?"

मग ती उभी राहायची. दरवर्षी. पाय सुजायचे, ते मी पाहत होते. मी खुर्ची नेऊन ठेवायची. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहायची. "बस ना ग," म्हटलं की दबक्या आवाजात, "लोक उभे आहेत, कवीची आई बसली तर कसं दिसेल?" एका स्मरणदिनाला ती कोसळली. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी. ओवेदनेच तिला उचललं, सगळ्यात आधी तो धावला.

दवाखान्यात ती मला म्हणाली, "पुढचं म्हण."

मी म्हटलं, "पुढचं काय?"

"तिसरं कडवं ग. पाठ आहे, पण तुझ्या तोंडून म्हण."

मी म्हटलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "त्या शनिवारी मी सगळ्यांचं ऐकलं आणि त्याचं ऐकायचं राहिलं." माझी आई पहिल्यांदा "मी" म्हणाली होती. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, रागही आला. तिचा नाही. तुमचा आला. अजून आहे.

त्यानंतर ती फार जगली नाही. पुढच्या स्मरणदिनाआधी गेली.

ओवेद, आता तुझ्याशी बोलते. तुला वाटत असेल तिर्झा निरोपाच्या दिवशी सूड घेतेय. तुझ्यावर माझा राग नाही असं मी म्हणणार नाही. आपण खोटं बोलायचं वय ओलांडलंय. एकदा मी तळ्याकाठी तुला गाठलं होतं. तू जाळं ओढत होतास, कंबरभर पाण्यात. मी विचारलं, "तू का सुचवलंस ते कापायचं?" तू जाळं सोडलं नाहीस. म्हणालास, "मी बसलो, तर तो गेला हे नक्की होईल, तिर्झा. मला ते नक्की करायचं नाहीये." मी घरी गेले. हे मी इथे सांगितलं म्हणून रागावू नकोस. लोकांना वाटतं तू विचारसरणीपायी केलंस. तुझं प्रेम होतं त्याच्यावर, हे त्यांना कळू दे.

पण ओवेद, तुझं दुःख तुझं होतं. त्यासाठी आख्खा हॉल का उभा केलास? माझी आई का उभी केलीस?

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प राहिले असते, नुसती बसून. पण आज सकाळी शाल्तिएल साहेबांनी मला बाजूला घेतलं. फार आदराने बोलले, तक्रार नाही. म्हणाले, "बाई, ही कविता आम्ही सगळ्या शाळांच्या स्मरणदिनाच्या पुस्तिकेत घेतोय. देशभर मुलं म्हणतील." मी म्हटलं, "तिसऱ्या कडव्यासकट?" तर म्हणाले, "ते सुंदर आहे, पण जरा घरगुती आहे."

घरगुती! साहेब, मग देश कुठे असतो? घराच्या बाहेर, रस्त्यावर? माझा भाऊ घरातूनच गेला होता ना? आता लाखभर मुलांनी उठून उभं राहायचं अशा एका मुलासाठी, जो त्यांना बसा म्हणतोय, आणि त्यातल्या प्रत्येक शाळेत कुठल्यातरी ब्रोन्याने खुर्चीची पाठ धरून उभं राहायचं. मी जिवंत असेपर्यंत हे होणार नाही. कविता छापायला माझी सही लागते. ती मी दिलेली नाही आणि देणार नाही. पूर्ण कविता घ्या, नाहीतर नळ्यांवरची एखादी घ्या, आमच्या कारखान्याची जाहिरातही यमकात आहे.

दगडाचंही तेच. दगडावर दोन कडवी आहेत आणि खाली जागा मोकळी आहे. सकाळी मी कापडाखाली हात घालून पाहिलं. तिसरं कोरा, मी स्वतः येऊन कापड ओढीन. नाही कोरलंत तर दगड झाकलेला राहू दे. अर्धा भाऊ मी उघडून दाखवणार नाही.

काय रुहामा? बोल, माइकवर बोल, सगळ्यांना ऐकू दे... रुहामा म्हणतेय की सभासद पुरेसे हजर आहेत, आत्ताच हात वर करून ठराव करू, तिसरं कडवं परत घेऊ. तिला खात्री आहे आपण जिंकू. मलाही आहे. मागची तरुण मंडळी तर आत्ताच हात वर करून बसलीत.

हात खाली घ्या.

मतदान नको. रुहामा, तुझा हेतू चांगला आहे, तू माझी आवडती विद्यार्थिनी होतीस, पण नको. आज मी जिंकले तर त्याचा अर्थ असा होईल की तेव्हाही तुम्हाला विचारायला हवंच होतं, फक्त उत्तर चुकलं. विचारायलाच नको होतं! दूध काढायच्या यंत्रावर मत द्या. खोल्यांवर द्या, पाण्यावर द्या, सरकारवर द्या. एका मुलाने आपल्या आईला काय म्हणावं यावर आख्ख्या गावाचं मत नसतं. उद्या वारं फिरलं की परत कुणीतरी ठराव आणेल, आणि परत तुम्ही सगळे भली माणसं म्हणून हात वर कराल. हे कडवं कापायला बहुमत लागलं. ते म्हणायला एक माणूस पुरतो.

तेव्हा आता कविता म्हणते. तुमच्या रिवाजाप्रमाणे, समारंभाच्या शेवटी. उठताय? उठा. मी अडवत नाही, पाय आपोआप उठतात, मला माहीत आहे. शाल्तिएल साहेब, आपणही उठलात, छान. ऐका.

*या पाण्याकाठी मी जागा आहे,*
*पलीकडची वाळू श्वास घेते, मी ऐकतो.*
*घरी दिवे लावणाऱ्यांना सांगा,*
*दिवा इथून दिसतो.*

*मी आलो नाही तर शेत पेरा,*
*माझ्या वाट्याचं पाणी कापसाला सोडा.*
*माझं नाव घेताना आवाज लहान करू नका,*
*मी तुमच्यातच उभा आहे.*

थांबा. खुर्च्या ओढू नका. संपलेली नाही.

*आता पुरे. उभं राहणं माझ्यावर सोडा.*
*आई, तू दिवसभर चुलीपाशी उभी होतीस,*
*खुर्ची ओढ. बस. बाकीच्यांनीही बसा.*
*मेलेल्याला एवढंच कळतं,*
*कोण जेवलं आणि कोण राहिलं.*

संपली.

मी घाई करत नाही. ज्यांना जेव्हा जमेल तेव्हा... झल्मन बसला. त्याला कारण लागत नाही. मागची मंडळी बसली. नोगा बसली. रुहामा, तू अध्यक्ष आहेस म्हणून थांबू नकोस, बस. शाल्तिएल साहेब, बसा, आपल्यालाही सांगितलंय त्याने. आभारी आहे.

ओवेद.

नको, त्याला कुणी खाली ओढू नका. नोगा, बाळ, त्याचा हात सोड. राहू दे त्याला उभा. कविता कुणावर जबरदस्ती करत नाही, ते समितीचं काम होतं.

ओवेद, इकडे बघ. सगळे बसलेत. आता तुझ्या उभं राहण्यात ना किबुत्झ आहे, ना देश, ना मी. तू एकटा उभा आहेस, आणि आज पहिल्यांदा तू फक्त एल्नातानसाठी उभा आहेस. उभा राहा हवा तेवढा वेळ. आम्ही थांबू.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, स्वयंपाकघरात खोळंबलेल्यांचे आणि मला एवढा वेळ सहन करणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. सांगितल्यापेक्षा जास्त बोलले, कुणाकुणाला लागेल असं बोलले, एका गेलेल्या माणसाचं नाव न घेता त्याला टोचून गेले. त्या सगळ्याबद्दल मोठ्या मनाने माफ करा. तिसऱ्या कडव्याबद्दल मात्र मी माफी मागत नाही.

आणि ओवेद, तुझं झालं की ये. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.